कर्नल आणि सासूची जीभ

कर्नलने पाचवं रोप उपटलं तेव्हा एवेलिओ टाकीसमोर स्टूल टाकून, डोळ्याला भिंग लावून बसला होता. माणूस घड्याळजी, भिंगाशिवाय त्याला जग दिसतच नसे. रोप गेल्याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून मोठा प्रश्न होता, हा मासा उपटतो तरी कसा? कर्नलने बुंध्याजवळची वाळू तोंडात भरली, वीतभर लांब नेऊन थुंकली, परत आला, परत भरली. मुळं उघडी पडली तसा देठ धरून एक हिसका दिला. रोप वर तरंगलं आणि कर्नल खड्ड्यात जाऊन ऐसपैस बसला.

"अगं सोकोरो, बघ तरी! आधी खणतो, मग उपटतो. काय डोकं आहे!"

"त्याला आहे. तुमचं कुठं गेलं?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "सात तारीख दहा दिवसांवर आलीय."

सात डिसेंबरच्या संध्याकाळी अख्खं ग्रानादा शहर रस्त्यावर उतरतं. लोक दारोदार जाऊन ओरडतात, 'एवढा आनंद कुणामुळे?' घरातल्यांनी आतून उत्तर द्यायचं, 'मारियाच्या गर्भधारणेमुळे!' आणि मग ऊस, लिंबं, नारळाच्या वड्या वाटायच्या. घराघरात कुमारी माता मारियाचं, म्हणजे माउलीचं, मखर सजतं. एवेलिओच्या घरी ते पुढच्या खोलीत, म्हणजे नेमकं माशाच्या टाकीशेजारी.

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. सासूबाई तोमासा यांनी जाहीर केलं होतं, "माउलीच्या शेजारी हा चिखलाचा डबा चालणार नाही. सात तारखेपर्यंत टाकी हिरवीगार दिसली पाहिजे. जिवंत झाडं, प्लास्टिकची नाहीत. नाहीतर टाकी अंगणात आणि मासा कढईत."

आता कर्नल हा मोहारा जातीचा मासा, आणि ग्रानादात मोहारा म्हणजे केळ्याच्या तळलेल्या कापांबरोबर खायची वस्तू. दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या बादलीतून तोही जेवणासाठीच आला होता. बोटभर होता, पण सुरी घेऊन आलेल्या एवेलिओकडे त्याने असं काही रोखून पाहिलं, की याच्या हातून सुरीच खाली पडली. तेव्हापासून रोज दुकान बंद केल्यावर एवेलिओ आधी त्याच्याशी बोलायचा, मग बायकोशी. सासूबाई मात्र कर्नलला पाण्यात पाहायच्या. दुसरीकडे पाहणार तरी कुठं म्हणा!

एवेलिओ वही घेऊन तोरीबिओच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेला आणि वाचू लागला, "गवतासारखं रोप, एक तास टिकलं. लाल पानांचं, खाल्लं. कुंडीसकट लावलं, तर कुंडीच उलटी केली."

"वाळूत रोवलेलं काही टिकणार नाही, एवेलिओभाऊ," तोरीबिओ म्हणाला. "ही जात खणणारच. जाड पानाचं, कडू झाड घ्यायचं आणि दगडाला बांधून सोडायचं."

"मग द्या की!"

"माल जानेवारीत येणार. घरात नाही का असं काही? जाड, चिवट, कडू, कुणी तोंड लावत नाही असं?"

"सासूबाई आहेत."

तोरीबिओ हसला नाही. "अहो, त्यांची जीभच म्हणतोय मी. मुळं आणि बुंधा पाण्यात, शेंडे बाहेर ठेवा."

सासूची जीभ म्हणजे तलवारीसारख्या उभ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं झाड. ग्रानादात प्रत्येक खिडकीत असतं. एवेलिओच्या घरी ते खरोखर सासूबाईंचंच होतं. लग्नात माहेराहून आणलेलं, चाळीस वर्षं जपलेलं. मागून मिळण्याची शक्यता शून्य.

रविवारी सासूबाई चर्चला गेल्या आणि एवेलिओने घड्याळाच्या चिमट्याने माती उकरून तीन पानांचा मुळांसकट फुटवा काढला, स्वच्छ धुतला, काळ्या दगडाला बांधून टाकीत सोडला.

कर्नल आला. हुंगलं. ओढलं. दगड हलेना. पुन्हा ओढलं, आणि चिडून कोपऱ्यात जाऊन बसला.

"जिंकलो!" एवेलिओ कुजबुजला.

तीन दिवसांनी कर्नल पानाचा पाण्यातला भाग तोंडाने घासायला लागला. सकाळ-संध्याकाळ तेच. एवेलिओचा जीव खालीवर. खातोय की काय? भिंग लावून पाहिलं, तर पान शाबूत, उलट चकचकीत. मग हा पुसतोय कशाला? एवेलिओने वहीत मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

तिकडे खिडकीत आरडाओरडा सुरू झाला होता. "माझी जीभ कुणी उपटली?"

"आई, एवढी हिंमत कुणात आहे?" सोकोरो हसू दाबत म्हणाली. शेवटी शेजारणीच्या कोंबडीवर आळ घेऊन प्रकरण मिटलं.

इतके दिवस टाकीकडे न फिरकलेल्या सासूबाई सात तारखेला दुपारी मखराला फुलं लावायला वाकल्या आणि त्यांची नजर टाकीत गेली.

"जावईबापू!!!"

एवेलिओ धावत आला तोवर त्यांनी बाही सारून हात पाण्यात घातला होता. पानाला बोट लागतं न लागतं तोच कर्नल सुसाट आला आणि कडकडून चावला.

"आई गं! मेले! सोकोरो, कढई ठेव! आत्ताच्या आत्ता!"

"आई, थांबा, एक मिनिट!" एवेलिओ टाकीला पाठ लावून उभा राहिला. "दोन वर्षांत तो कुणाला चावला नाही. काहीतरी कारण असणार. मला बघू तरी द्या!"

त्याने भिंग काचेला टेकवलं. घासून लख्ख केलेल्या पानावर मधाच्या रंगाचे बारीक दाणे ओळीने चिकटले होते. शेकड्यांनी.

"अंडी आहेत," तो पुटपुटला.

"कुणाची?"

"कर्नलची."

सासूबाईंनी बोट माउलीच्या फुलांच्या फडक्यात गुंडाळलं. "आणि याचा... हिचा नवरा?"

"नाहीच कुणी. दोन वर्षं एकटाच, म्हणजे एकटीच आहे."

सासूबाईंनी टाकीकडे पाहिलं, मखराकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या सात तारखेकडे पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"त्यात विशेष काही नाही, आई," एवेलिओ उत्साहाने सांगू लागला, "कोंबडीसुद्धा नराशिवाय अंडी..." सोकोरोने त्याच्या पायावर असा काही पाय दिला, की वाक्य तिथंच संपलं.

"जावईबापू, टाकीपासून लांब व्हा," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाळंतीण आहे. आणि अख्ख्या बाजारातली झाडं सोडून बसली कशावर, तर माझ्याच जिभेवर!" डोळे पुसून त्यांनी मखरातली एक मेणबत्ती उचलली आणि टाकीपुढे ठेवली.

सहा वाजता फटाके वाजले. दाराशी गर्दी लोटली आणि आरोळी उठली, "एवढा आनंद कुणामुळे?"

"मारियाच्या गर्भधारणेमुळे!" एवेलिओ आणि सोकोरो ओरडले.

फडकं बांधलेलं बोट उंचावून सासूबाई सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "आणि आमच्या कर्नलच्याही!"