मावशी, आत्या आणि कॅटलॉग

"तुम्ही दोघी भांडू नका, मी शोधून देतो," एवढंच मी म्हणालो. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर दोन बहिणींच्या मधे पडू नये, एवढी अक्कल मला यायला हवी होती. पण मी इस्राएलमधल्या बेर्शेबाच्या एका इस्पितळात स्टोअरचा क्लार्क. हरवलेली वस्तू शोधून देणं हेच माझं काम. (सापडते ती बहुधा दुसऱ्या कुणाला, ते सोडा.)

भांडण एका गाण्यावरून होतं. आमच्या लेकीचं, अदवाचं, लग्न ठरलं होतं आणि त्याआधी मेंदी. माझ्या सासूबाई, राहेलबाई, मित्स्पे रामोनला राहायच्या. नेगेवच्या वाळवंटातल्या आमच्या बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या ज्यू, मंडळींत कुठेही मेंदी असली की गाण्यासाठी त्यांना बोलावणं जायचं. मुंबईहून येताना त्यांनी सामानात काय आणलं ते मला माहीत नाही, पण एक गाणं नक्की आणलं होतं. 'पाट मांडा गं, वाटी आणा गं' असं ते सुरू व्हायचं. पुढच्या ओळीत नवरीच्या हाताला मेंदीचं पहिलं बोट कोण लावतं ते यायचं, आणि आमच्या घरात त्या ओळीप्रमाणे मान दिला जायचा.

माझी बायको फ्लोरा म्हणे, आई 'आत्या लावी पहिलं बोट' म्हणायची. तिची धाकटी बहीण येमिमा एलातला एका हॉटेलात काम करते. ती फोनवरून म्हणे, 'मावशी लावी पहिलं बोट.' अदवाची मावशी म्हणजे स्वतः येमिमा. आत्या म्हणजे माझी बहीण शुला.

"सरळ सांग ना, नणंदेला मान द्यायचाय!" येमिमाचा आवाज फोनमधून मला सोफ्यावर ऐकू येत होता.

"मला काय नणंदेचं पडलंय? आई म्हणायची ते मी सांगते."

"आईजवळ शेवटी मी होते."

"म्हणजे मी नव्हते?"

अदवा शेजारीच बसली होती. ती आईला हिब्रूत म्हणाली, "इमा, दोघी दोदाच ना? मग?" (हिब्रूत मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्या दोदा. मुलांचं बरं आहे.)

"म्हणूनच या भाषेत धड भांडताही येत नाही," फ्लोरा म्हणाली.

येमिमाने मेंदीला येणार नाही असं सांगून फोन ठेवला. फ्लोरा बराच वेळ रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने घरातले होते नव्हते तेवढे कांदे चिरले. तिला रडायचं असलं की आमच्याकडे कांद्याची भाजी होते. त्या दोघींना दुसरं भावंड नाही. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस लागायच्या आधी, त्यांचा फोन व्हायचा. पुढचे कितीतरी शुक्रवार तो वाजला नाही, आणि फ्लोरा त्या वेळेला उगाच फोनवरची धूळ पुसत राहायची.

अशाच एका शुक्रवारी तिला आठवलं. सत्तरच्या दशकात जेरुसलेमहून एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन मित्स्पे रामोनला आली होती. ती नव्या देशात आलेल्या लोकांची गाणी गोळा करायची. या दोघी बाजारात गेलेल्या असताना तिने आईला टेप केलं होतं. आई गेल्याला वीस वर्षं झाली. तिचा आवाज घरात कुठेच नव्हता. मी चौकशी केली. तो संग्रह जेरुसलेमच्या एका संस्थेत होता आणि त्याचा कॅटलॉग आता इंटरनेटवर होता, टेपा मात्र तिथे जाऊनच ऐकता येत. तेव्हाच ते वर लिहिलेलं वाक्य माझ्या तोंडून गेलं.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी कॅटलॉग उघडला आणि चौकटीत हिब्रूत सविस्तर टाइप केलं: मित्स्पे रामोनच्या माझ्या सासूबाई राहेल यांनी म्हटलेलं मेंदीचं गाणं. कॅटलॉग म्हणाला, काही नाही. अर्ज जरा लांबला असेल म्हणून नुसतं 'राहेल' लिहिलं. हजारो निघाल्या. राहेलची कबर, राहेल रस्ता, राहेल नावाच्या शाळा. या देशात सासूबाईंचं नाव शोधणं म्हणजे वाळवंटात खडा शोधणं. मग मी 'राहेल' आणि 'भारत' असं लिहिलं. एकच नोंद आली: 'राहेल, भारत, लग्नगीते.' मी खुर्चीतून उठलोच. त्या ओळीवर क्लिक केलं असतं तर पूर्ण नोंद उघडली असती. मी फोनकडे हात नेला.

"आई सापडल्या," मी फ्लोराला सांगितलं, आणि नंतर एलातला येमिमाला.

 ती म्हणाली, "भावोजी, मी येते."

ती रात्रीच्या बसने निघून सकाळी बेर्शेबाला उतरली. हातात हलव्याचा डबा होता, तो तिने माझ्याकडे दिला. फ्लोराने तिच्यासाठी सँडविच आणलं होतं, तेही माझ्याचकडे दिलं. जेरुसलेमपर्यंत त्या वेगवेगळ्या सीटवर बसल्या आणि मधे मी, दोघींचं खाणं मांडीवर घेऊन.

संग्रहाच्या खोलीत निली नावाची मध्यमवयीन बाई होती. तिने टेप लावली. हेडफोन दोनच होते, ते बहिणींनी घेतले. मला नुसते चेहरे दिसत होते. पहिल्या क्षणी येमिमाचे डोळे भरून आले. फ्लोराने कपाळाला आठ्या घातल्या.

"आई," येमिमा म्हणाली.

"नाही."

"फ्लोरा, आई आहे ही!"

"आईचा आवाज जाड होता."

"तेव्हा तरुण होती ती!"

पुन्हा ऐकलं. या वेळी येमिमाने डोळे मिटून घेतले होते. तिने हेडफोन काढला आणि तो हातात धरून अगदी हळू म्हणाली, "मला नीट सांगता येत नाहीये." फ्लोरानेही काढला. "मलासुद्धा." त्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि मला मान वर करवेना. गाण्याची ओळ राहिली बाजूला. आईचा आवाजच ओळखता येत नव्हता.

निलीने मला विचारलं, "तुम्ही पूर्ण नोंद उघडली होती का?"

"नाव होतं ना," मी म्हणालो.

तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. गाव अश्दोद, आणि ही राहेलबाई चार मुलांची आई. (माझ्या सासूबाईंना मुली दोनच. त्यातलीच एक मला दिली होती, तेवढं तरी मला माहीत असायला हवं होतं.)

फ्लोराने हेडफोनची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

निली मात्र शांत होती. तिने खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं. "तुम्हाला जे माहीत आहे ते लिहू नका," ती म्हणाली. "नोंद करणाऱ्याला जे माहीत होतं ते लिहा. नाव त्या बाईने विचारलंच नसेल तर?"

"गाव माहीत असेल," मी म्हणालो.

"हां. लिहा. आणि साल नेमकं नका देऊ, सगळं दशक घ्या."

ढीगभर नोंदी आल्या. मी त्यात भाषा घातली, मराठी. सगळ्या गेल्या.

"मराठी तिला कळली असेल का?" निलीने विचारलं. तिने 'मराठी' खोडून 'भारतीय' लिहिलं. मी 'मेंदी' घालायला निघालो तर तिने हात धरला. "हिब्रूत आम्ही हिना म्हणतो."

'मित्स्पे रामोन', 'भारतीय', 'हिना'. एकच नोंद आली. या वेळी मी स्वतः क्लिक केलं आणि खालपर्यंत मोठ्याने वाचलं: 'भारतातून आलेली स्त्री, नाव नोंदवलेलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात. हिनाच्या गाण्याविषयी संभाषण. गाण्यात नवरीची दोदा पहिलं बोट लावते.'

"दोदा म्हणजे कोण?" दोघी बहिणींनी एकदम विचारलं.

निली गोंधळली. "दोदा म्हणजे दोदा."

टेप ऐकल्याशिवाय इलाज नव्हता. निलीने ती आत जाऊन आणली. बहिणींनी पुन्हा हेडफोन चढवले. मशीन सुरू झालं, आणि बहुधा पहिलाच शब्द असेल, फ्लोराने येमिमाचा हात पकडला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. येमिमा मधेच हसली आणि पुटपुटली, "तिला चहा घ्यायला लावतेय." फ्लोराने नुसती मान हलवली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. तीस वर्षांत कधी नव्हे ते मी एखादं काम बरोबर केलं होतं.

मग त्या दोघींनी सावकाश माना वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

फ्लोराने हेडफोन काढून माझ्या कानांवर घातला आणि निलीला टेप थोडी मागे घ्यायला सांगितली. सासूबाईंचा आवाज आला, मोडक्या हिब्रूत, माझ्या अगदी जवळ. दोदा बोट लावते, त्या सांगत होत्या. ती टेपवाली बाई म्हणाली, आता गाणं म्हणून दाखवा ना. सासूबाईंनी आवाज एकदम खाली आणला. "आता नको. आमचे जावई झोपलेत. नवीन आहेत, त्यांची झोप मोडायला नको. पुढल्या खेपेला म्हणेन." मग शांतता. आणि त्या शांततेत, भिंतीपलीकडून, कुणीतरी जाड लाकूड कापत असल्यासारखं घोरणं. ते बराच वेळ चाललं. मग टेप संपली.

"ती बाई पुन्हा आली होती?" मी विचारलं.

"नाही," येमिमा म्हणाली.

मला वाटलं आता दोघी मिळून माझ्यावर तुटून पडणार. पण त्या हसायला लागल्या. आधी येमिमा, मग फ्लोरा, इतक्या की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं. हसता हसता पुन्हा रडल्या. नाक पुसून फ्लोरा म्हणाली, "येमिमा, बोट तूच लाव."

"नको. शुलाताईंना लावू दे. तू म्हणतेस तसंच असेल."

"मी म्हणते ना तू लाव!"

"आणि मी म्हणते आत्याच!"

(मेंदीच्या दिवशी दोघींनी एकदमच लावलं, एकाच हाताला, आणि अदवा म्हणाली की तिच्या कोपरापर्यंत मेंदी गेली. शुलाने दुसरा हात घेतला.)

तेवढ्यात निलीने कीबोर्ड पुढे ओढला. आईंचं नाव तिने बहिणींना विचारून नोंदीत घातलं, 'भारतीय' खोडून गाण्याची भाषा मराठी अशी लिहिली. मग ती थांबली. "गाणं नाही, एवढंच लिहून चालणार नाही. ऐकायला येणाऱ्याला कारण कळायला हवं." आणि बोलत बोलत ती टाइप करू लागली, "गाणं म्हटलं गेलं नाही. घरातले जावई झोपले होते. पार्श्वभूमीला त्यांचा आवाज आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. "नाव, आडनाव पूर्ण सांगा. लोकांना शोधायला सोपं जाईल."

"आम्ही सांगतो," दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.