घोड्याची खरखर

रविवारी दुपारी दोन वाजता ग्रंथपालांनी जेवणाचे टेबल ओल्या फडक्याने तीनदा पुसले, त्यावर बरणीचे झाकण पालथे ठेवले आणि झाकणावर घोडा ठेवला.

घोडा म्हणजे रेकॉर्ड. तिच्या कव्हरवर आगीतून उडी मारणारा काळा घोडा होता आणि आत चार केसाळ माणसांनी गिटारींवर आणि ढोलांवर काढलेला राग होता. नोकरीची चौतीस वर्षे ग्रंथपालांनी लोकांना "हळू बोला" सांगण्यात घालवली होती. त्या सगळ्या शांततेचा वचपा ते घरी येऊन काढत. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून. रॉक आणि मेटलच्या दोनशे बारा रेकॉर्ड त्यांच्याकडे होत्या. प्रत्येकीच्या कव्हरला क्रमांकाची चिठ्ठी होती, देण्याघेण्याची एक वही होती आणि वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. त्या रकान्यात ग्रंथपालांनी आयुष्यात एकदाही खोटे लिहिले नव्हते.

पण घोडा त्यांचा नव्हता. तो मेहुण्यांचा होता. अकरा वर्षांपूर्वी दोघांनी पंधरा दिवसांच्या बोलीवर अदलाबदल केली होती: घोडा इकडे, आणि ग्रंथपालांचे लाडके जहाज, तीही रेकॉर्डच, तिकडे. मग "आधी तुम्ही द्या", "छे, आधी तुम्ही" यात अकरा वर्षे गेली. परवा अचानक मेहुण्यांचा फोन आला.

"भावोजी, रविवारी पाचला येतोय. जहाज घेऊन येतो. घोडा काढून ठेवा. आणि जसा नेलात तसाच हवा हं! जरा जरी खरखर आली ना, तर जहाज परत घेऊन जाणार. आधीच सांगून ठेवतो."

खरखर होती. पहिल्या बाजूला, दुसऱ्या गाण्यात, ढोलवाला एकटा सुटतो नेमके तिथे. दर शुक्रवारी वाजवून ग्रंथपालांनीच ती कमावली होती.

त्यांनी चंग बांधला. रेकॉर्ड सांभाळण्यावरचे एक जुने पुस्तक त्यांच्याकडे होते. त्यात उपाय होता: रेकॉर्डवर लाकडाचा पांढरा गोंद पसरावा, वाळू द्यावा आणि मग साल काढावी तसा सोलावा. खाचांतली सगळी धूळ त्याबरोबर निघून येते.

गोंद आणायला ते खालच्या मजल्यावरच्या सुताराकडे गेले. रेकॉर्डला फासायचा आहे, हे रंध्यावर घाम गाळणाऱ्या माणसाला सांगायची त्यांना लाज वाटली.

"मिस्त्री, जरा लाकडाचा गोंद मिळेल का? आमच्या टेबलाचा पाय हलतोय."

"काका, मग साधा कशाला? हा घ्या. होड्यांच्या कामाला वापरतो मी. जन्मात सुटणार नाही."

ग्रंथपालांनी त्यातले एवढेच ऐकले, की गोंद चांगला आहे. घरी आल्यावर तो पिवळट दिसला तेव्हा त्यांना क्षणभर शंका आली. पण पुस्तकाची पानेही पिवळी पडली होती, तेव्हा गोंद पडला तर नवल काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्यांनी श्वास रोखून, ब्रशने, आतून बाहेर गोंद पसरला. इतक्यात बेल वाजली.

"काका, मी मिस्त्री! म्हटलं, जाता जाता पाय बघून जावा. नुसत्या गोंदानं भागणार नाही!"

टेबलाचा पाय खडकासारखा होता. "आलो, आलो!" असे ओरडत ते टेबलाखाली शिरले आणि पायाचा बोल्ट घाईघाईने तीन फेरे सैल केला. बोल्ट तीनच फेऱ्यांचा होता.

मिस्त्री आत आला. "बघू," म्हणत त्याने टेबलाच्या कोपऱ्यावर तळहात टेकला. पाय निखळला आणि टेबलाने गुडघा टेकला. झाकण घसरले, घोडा घसरला, साखरेच्या डब्याला अडून काठावर उभा राहिला, आणि गोंदाच्या बाजूने पालथा पडला.

"बाप रे, काका! बरं झालं मी आलो. हे काय पडलं?"

"काही नाही, काही नाही. तुम्ही आधी पाय बसवा."

मिस्त्रीने पाय बसवला. मनापासून बसवला. बोल्ट पिळला, पाचर ठोकली, वर पुन्हा थोडा गोंद घातला. मग टेबल हलवून पाहिले. टेबल हलले नाही. ग्रंथपालांनी रेकॉर्डच्या काठाला हळूच नख लावून पाहिले. तीही हलली नाही.

"मिस्त्री, हा गोंद समजा… चुकून दुसरीकडे लागला, तर?"

मिस्त्रीने टेबलाकडे पाहिले, तिथल्या काळ्या वर्तुळाकडे पाहिले आणि त्याच्या तोंडावर काळजीऐवजी अभिमान पसरला.

"आता टेबल मोडेल काका, पण हे निघणार नाही."

तो गेल्यावर ग्रंथपाल हार मानून बसले नाहीत. त्यांनी पापड लाटावा तितक्या हलक्या हाताने उलथने सरकवले, उलथने वाकले. गरम फडके ठेवले, मग बर्फ ठेवला. शिवणाचा दोरा काठाखालून ओढला, दोरा तुटला. साडेचार वाजता बायको बाहेरून आली तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून, पुस्तकातला तोच परिच्छेद पाचव्यांदा वाचत होते.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"साफ करत होतो."

"टेबल?"

"घोडा."

बायकोने पर्स खाली ठेवली, एका बोटाने रेकॉर्ड दाबून पाहिली आणि कपाटातून टेबलक्लॉथ काढला. "माझ्या भावाला मी ओळखते. आधी चहा पिऊ दे. मग सांगा."

"मी आल्या आल्या सांगणार आहे."

"सांगाल हो. तोंड उघडेल तेव्हा ना!"

मेहुणे पाचच्या ठोक्याला आले. एरवी दारातूनच आवाज देणारे मेहुणे आज गप्प होते. काखेत कागदात गुंडाळलेले मोठे पुडके होते. ते त्यांनी खुर्चीखाली सरकवले. ग्रंथपालांनी तोंड उघडले, घसा खाकरला आणि म्हणाले, "साखर किती?"

"भावोजी, अकरा वर्षांत विसरलात? दीड चमचा." चहा आला. मेहुण्यांनी एक घोट घेऊन कप ठेवला. तो तिरका बसला. त्यांनी टेबलक्लॉथवरून हात फिरवला. "ताई, हे खाली गोल काय गं?"

"गरम भांडं ठेवायला केलंय," बायको म्हणाली.

"छान आहे की. कुठून आणलंत?"

"तुमच्याकडूनच," ग्रंथपाल म्हणाले.

ग्रंथपालांनी उठून टेबलक्लॉथ स्वतःच्या हाताने दूर केला. मग गोंद, पाय, बोल्ट, मिस्त्री, सगळे क्रमाने सांगितले. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. जहाज तुम्ही खुशाल परत घेऊन जा."

मेहुणे वाकून पाहत राहिले. "ही वरची दुसरी बाजू ना? ही तर शाबूत आहे!"

"आहे. पण ऐकायची तर टेबल फिरवावं लागेल. मिनिटाला तेहतीस फेरे."

मेहुण्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. ते हसू लागले. इतके हसले, की डोळ्यांत पाणी आले.

"भावोजी, मी सकाळपासून प्रार्थना करतोय, की तुमच्याकडच्या घोड्यावर निदान एक ओरखडा असू दे." त्यांनी खुर्चीखालचे पुडके काढले आणि कागद सोडला.

आत जहाज होते. त्याच्या कडा वर वळून लाटांसारख्या झाल्या होत्या आणि मधला भाग खोल गेला होता.

"गाडीच्या मागच्या काचेपाशी उन्हात राहिलं. एकच दुपार. सहा वर्षं झाली त्याला. म्हणून तर येत नव्हतो. आता आमच्या हिनं त्यात फळं ठेवायला सुरुवात केली, म्हटलं, आता सांगितलंच पाहिजे."

ग्रंथपालांनी जहाज दोन्ही हातांत घेतले. काठापासून मध्यापर्यंत एकदा बोट फिरवले. पहिल्या गाण्यापाशी बोट वर चढले, शेवटच्यापाशी खाली उतरले. मग ते घोड्यावर नेऊन ठेवले. बरोबर मधोमध बसले. बायकोने आतून चार सफरचंदे आणून त्यात घातली.

"आता वही काढा," मेहुणे म्हणाले. "बघू तरी शेऱ्यात काय लिहिता."

ग्रंथपालांनी वही आणली, अकरा वर्षांपूर्वीचे पान काढले. जहाजापुढे लिहिले: "परत आले. फळे मावतात."

घोड्यापुढे मात्र त्यांचे पेन बराच वेळ थांबले. खोटे लिहायचे नव्हते आणि मेहुणे खांद्यावरून वाकून वाचत होते. शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले:

"पहिल्या बाजूची खरखर पूर्ण थांबली."

मेहुण्यांनी ते वाचले, पेन मागून घेतले आणि खाली सही केली.