नको त्या घराची कसून तपासणी

मंगळवारी सकाळी नऊ वाजता ॲम्ब्रोज पेनफोल्ड यांच्या दारावर थाप पडली, तेव्हा ते संत्र्याचा मुरंबा लावलेला टोस्ट हातात घेऊन उभ्यानेच खात होते. दारात खांद्यावर शिडी, हातात टॉर्च आणि गळ्यात ओल मोजायचे यंत्र अडकवलेला एक गृहस्थ होता. आपले नाव डेस्मंड ओकली, आपण सर्व्हेअर आहोत आणि ठरल्याप्रमाणे घराची सविस्तर तपासणी करायला आलो आहोत, असे त्याने सांगितले. कोणाशी ठरले, हे त्याने सांगितले नाही आणि पेनफोल्ड यांनी विचारले नाही. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ‘तुम्हाला कोणी पाठवलं’ असे विचारण्याची रीत इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या त्या खेड्यात चांगल्या घरांत नव्हती.

शिवाय कोणी पाठवले असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. हे काम लोर्नाचे. लोर्ना ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न मोडल्यापासून श्रूजबरीच्या एका नव्या वसाहतीत एकटी राहत असे. वडिलांनी हे तीनशे वर्षांचे घर विकून आपल्याच वसाहतीत, लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये येऊन राहावे, असा धोशा तिने दोन वर्षे लावला होता. “बाबा, ते घर एक दिवस तुमच्या डोक्यावर कोसळेल,” हे वाक्य दर रविवारी फोनवर येई, आणि पेनफोल्ड दर रविवारी हवापाण्याचा विषय काढीत. आपल्याला याच घरात शेवटचा श्वास घ्यायचा आहे, एवढे एक वाक्य त्यांनी उच्चारले असते तर प्रश्न मिटला असता. पण स्वतःची इच्छा अशी चारचौघांत बोलून दाखवणे त्यांना शर्टाशिवाय बाहेर पडण्यासारखे वाटे.

तर आता लोर्नाने तज्ज्ञ पाठवला होता. त्याच्या अहवालावर सारे ठरणार होते. पेनफोल्ड अडतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवीत होते. परीक्षेत विद्यार्थी कुठे कुठे लबाडी करतो, हे त्यांना परीक्षकापेक्षा अधिक ठाऊक होते. ओकली बैठकीच्या खोलीत शिरताच ते पोट सुटलेल्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि तो त्या खोलीत असेपर्यंत तेथून हलले नाहीत. जेथे फळी पायाखाली दबत असे तेथे त्यांनी आरामखुर्ची सरकवली. ओकलीने माळ्याच्या जिन्याकडे नजर टाकली की ते चहा पुढे करीत. अकरा वाजेपर्यंत चहाचे चार पेले झाले आणि ओकली माळ्यावर न जाता तीन वेळा भलतीकडेच जाऊन आला. अखेरीस मात्र तो माळ्यावर चढलाच आणि पोटावर सरपटत घराच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

खरी गोष्ट अशी होती की ओकलीला साठ पावले पुढे, मिसेस ट्रँटर यांच्या घरी जायचे होते. त्यांचे घर विकायला निघाले होते. त्या वाटेवर घरांना क्रमांक नव्हते, नावे होती, आणि नावांच्या पाट्या वेलींनी गिळल्या होत्या. मिसेस ट्रँटर यांच्या फाटकापुढे ओढा वाहत असल्यामुळे दलालाने विक्रीची पाटी पेनफोल्ड यांच्या कुंपणात रोवली होती. पेनफोल्ड गेले चार महिने रोज ती पाटी पाहत होते. दुसऱ्याच्या कुंपणात न विचारता पाटी ठोकणे असभ्यपणाचे होते. पण तसे बोलून दाखवणे त्याहून असभ्यपणाचे, म्हणून त्यांनी पाटीभोवतीचे गवत तेवढे कापून घेतले होते. मिसेस ट्रँटर त्या दिवशी बहिणीकडे गेल्या होत्या आणि सर्व्हेअरसाठी त्यांनी किल्ली कुंडीखाली ठेवली होती. ती कुंडीखालीच राहिली.

एक वाजता पेनफोल्ड यांनी पाहुण्यापुढे डुकराचे मांस भरून भाजलेली पाई आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले कांदे ठेवले. ओकलीच्या पाटलोणीचा गुडघा फाटला होता आणि केसांत दोन शतकांची जळमटे होती. पाईचा पहिला घास घेऊन तो समाधानाने म्हणाला की, घर घेणारे लंडनचे केंबल दांपत्य फार उतावीळ झाले आहे, आणि मिसेस ट्रँटर आज दिसल्या नाहीत, त्यांना आपला नमस्कार सांगावा.

पेनफोल्ड यांच्या ध्यानात सारे आले. लोर्नाने कोणालाही पाठवले नव्हते. हा माणूस चार तास भलत्याच घरात सरपटत होता.

हे त्याच क्षणी सांगायला हवे होते. पण समोर माणूस जेवत असताना त्याला ‘तुमची सकाळ फुकट गेली’ असे सांगणे म्हणजे त्याच्या घशात घास अडकवणे. तेव्हा पाई संपेपर्यंत थांबावे, असे पेनफोल्ड यांनी ठरवले. पाईनंतर चहा आला. चहानंतर, इतका वेळ गप्प का बसलात, हा प्रश्न उभा राहिला असता आणि पाहुण्याच्या लाजेत यजमानाचीही भर पडली असती. सज्जन माणसाच्या हातून घडणाऱ्या बहुतेक चुका याच रीतीने घडतात: योग्य वेळ जेवणात जाते आणि नंतरची वेळ योग्य उरत नाही. लिहायला बसल्यावर त्याचे त्यालाच कळेल, असे म्हणून त्यांनी विषय मनातून काढून टाकला.

मनावरचा भार मात्र एकदम उतरला. परीक्षा आपली नव्हतीच. त्यामुळे दुपारी पेनफोल्ड यांच्यात निराळाच उत्साह संचारला. जुन्या घराच्या मालकाला घराच्या दुखण्यांचा एक गुप्त अभिमान असतो, आणि तो ऐकून घेणारा जाणकार श्रोता जन्मात एखादाच भेटतो. त्यांनी आरामखुर्ची बाजूला सारली, पोट सुटलेल्या भिंतीवर वत्सलपणे थाप मारून दाखवली, तुळईत सुरी मुठीपर्यंत कशी शिरते त्याचे प्रात्यक्षिक केले आणि तिन्ही धुराड्यांपैकी कोणते कोणत्या वाऱ्यात डुलते, हे अंगणात उभे राहून समजावले. ओकली भराभर लिहीत होता, फोटो काढीत होता. निघताना त्याने पेनफोल्ड यांचा हात बराच वेळ हातात धरला.

“तीस वर्षांत इतका प्रामाणिक विकणारा नाही भेटला मला,” तो म्हणाला.

पेनफोल्ड यांनी नम्रपणे मान लववली. दुसरे काय करणार?

अहवाल चौऱ्याण्णव पानांचा झाला. तो वाचून ह्यू आणि फिलिपा केंबल यांनी आठवडाभर धड जेवण केले नाही. नंतर त्यांनी दलालामार्फत मिसेस ट्रँटर यांना कळवले की घराची अवस्था पाहता किमतीचा पुन्हा विचार व्हावा. मिसेस ट्रँटर यांनी उलट कळवले की त्यांच्या घराला नावे ठेवणाऱ्यांनी ती समोर येऊन ठेवावीत. त्याप्रमाणे शनिवारी केंबल दांपत्य अहवाल छातीशी धरून हजर झाले. पान दहावर तीन धुराडी होती. छपरावर एक होते. पान तेविसावर पोट सुटलेली भिंत होती. मिसेस ट्रँटर यांनी ओळंबा मागवून प्रत्येक भिंतीला लावून दाखवला. शेवटी फिलिपाने खिडकीबाहेर पाहिले, शेजारच्या छपरावरची धुराडी मोजली आणि ती खाली बसली.

ओकलीला फोन गेला. सोमवारी तो, केंबल दांपत्य आणि मिसेस ट्रँटर असे चौघे पेनफोल्ड यांच्या दारात उभे राहिले. ओकलीचा चेहरा पाहवत नव्हता. आपण का बोलला नाहीत, असे त्याने अगदी हळू विचारले. आपण जेवत होतात, असे पेनफोल्ड यांनी सांगितले, आणि कारण सर्वांना पटले. मिसेस ट्रँटर यांनी तर, कोणीही हेच केले असते, असे स्पष्ट मत दिले.

प्रकरण येथे संपायला हरकत नव्हती. पण तोवर केंबल दांपत्य घरात फिरू लागले होते. आठवडाभर त्यांनी या घराशिवाय दुसरे काही वाचले नव्हते. “ही बघ ती तुळई,” ह्यू म्हणाला, आणि फिलिपाने परगावाहून आलेल्या आत्याला भेटावे तशी ती तुळई कुरवाळली. मिसेस ट्रँटर यांचे घर सरळ आणि कोरडे होते. परंतु त्यात काय दडले आहे, हे कोणी सांगावे? या घरात दडलेले काहीच उरले नव्हते. ते चौऱ्याण्णव पानांत छापून आले होते. ज्याचे सगळे दुर्गुण आधीच ठाऊक आहेत असा नवरा पत्करावा, असे आमच्या जुन्या बायका म्हणत. घराबद्दलही केंबल दांपत्याचा तोच निष्कर्ष झाला. जाण्यापूर्वी त्यांनी पेनफोल्ड यांना विचारले की हे घर ते विकतील का.

“विचार करण्यासारखं आहे,” पेनफोल्ड म्हणाले.

त्या मुलखात याचा अर्थ एकच होतो, आणि तो म्हणजे ‘नाही’. केंबल दांपत्यही इंग्लंडमध्येच जन्मले होते. त्यांना तो समजायला हवा होता. पण घर हवे असलेल्या माणसाला आपल्याच भाषेतले नकार ऐकू येईनासे होतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरेदीची कागदपत्रे करायला वकील नेमला. हातचे गिऱ्हाईक गेल्याने मिसेस ट्रँटर यांनी अबोला धरला, आणि अबोला धरण्यापूर्वी लोर्नाला फोन करून सर्व हकिगत कळवली.

लोर्ना त्याच संध्याकाळी आली. तिने वडिलांचे अभिनंदन केले, आपल्या समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा असल्याचे सांगितले आणि सामानाच्या खोक्यांचा आकडा विचारला. पेनफोल्ड यांनी हवापाण्याचा विषय काढला. लोर्नाने तो बंद केला. पुढच्या दहा दिवसांत त्यांना फ्लॅट दाखवण्यात आला, पडदे मोजण्यात आले. घर त्यांच्या हातून निसटत चालले होते आणि ते प्रत्येक टप्प्यावर ‘छान आहे’ म्हणत होते. परक्यांना दुखवायचे नाही, मुलीला दुखवायचे नाही; आता उरले होते फक्त सही करणे.

सही करायच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलीला फोन केला. तो रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली.

“लोर्ना, तो फ्लॅट मी अजून तपासून नाही घेतला,” ते म्हणाले.

“अहो बाबा, पाच वर्षांची इमारत आहे. त्यात काय तपासायचं?”

“घर घेण्याआधी जाणत्या माणसाला दाखवावं म्हणतात. तुलाच मग काळजी नको.”

या बोलण्यात काही डाव होता, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. त्यांना दोन-तीन दिवसांची सवड हवी होती, इतकेच. त्यांनी ओकलीला बोलावले. ओकली या वेळी इमारतीचे नाव, मजला, दारावरचा क्रमांक आणि मालकाचे नाव एकेक करून दोनदा विचारून मगच आत शिरला. झाल्या चुकीचे परिमार्जन करण्याच्या भरात तो दोन दिवस तेथेच ठाण मांडून बसला. त्याने बाहेरच्या भिंतीचा पत्रा उचकटून पाहिला, छपरावर चढला, न्हाणीघरातल्या नळीत कॅमेरा सोडला.

अहवाल एकशे सव्वीस पानांचा झाला. छपरावरचा पाणी अडवणारा थर कडेपर्यंत पोहोचलाच नव्हता. सज्जा चार खिळ्यांवर हवा होता. तो दोहोंवर होता. न्हाणीघराची नळी भिंतीत शिरत होती आणि भिंतीतच संपत होती. मजल्यामजल्यांमध्ये आग अडवणारे जे काही असायला हवे, त्या जागी बिल्डरच्या माणसांनी वर्तमानपत्रे कोंबली होती, आणि त्यांची तारीखसुद्धा ओकलीने नोंदवली होती. प्रत्येक कलमाखाली एकच वाक्य होते: वसाहतीतील सर्व इमारती एकाच वेळी, एकाच हाताने उभारलेल्या असल्यामुळे हाच दोष इतरत्रही असण्याचा दाट संभव आहे.

लोर्नाने अहवाल वडिलांच्या स्वयंपाकघरात बसून वाचला. चाळिसाव्या पानापर्यंत ती वडिलांना उद्देशून उसासे टाकीत होती. नंतर उसासे थांबले. सत्तराव्या पानावर तिने विचारले की आपल्या न्हाणीघरातून महिनाभर जो वास येतो तो या नळीचा असू शकेल का. पेनफोल्ड यांनी, विचार करण्यासारखे आहे, असे उत्तर दिले. ती गाडीत बसून निघून गेली आणि फ्लॅटचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

जायला जागाच नाही म्हटल्यावर पेनफोल्ड यांना घर विकणे शक्य नव्हते, आणि हे कारण कोणालाही न दुखवता सांगता येण्यासारखे होते. केंबल दांपत्य आठवडाभर हळहळले आणि मग त्यांनी मिसेस ट्रँटर यांचे घर घेऊन टाकले, तेही तपासणीवाचून. आणखी एक अहवाल वाचण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. ते तेथे सुखात आहेत, कारण त्यांच्या घरात काय बिघडले आहे, हे त्यांना कोणीही सांगितलेले नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी लोर्नाची गाडी फाटकाशी थांबली. तिच्याजवळ दोन सुटकेस होत्या. वसाहतीतल्या सगळ्या इमारतींच्या बाहेरच्या भिंती उतरवायला घेतल्या होत्या आणि रहिवाशांना चार महिन्यांसाठी बाहेर काढले होते.

“बाबा, मागची खोली मिळेल का?” तिने उंबऱ्यावरूनच विचारले.

पेनफोल्ड यांनी एक सुटकेस उचलून आत नेली, किटली चढवली आणि फडताळातून केंबल दांपत्य मागे ठेवून गेलेला चौऱ्याण्णव पानांचा अहवाल काढून तिच्यापुढे ठेवला. मागच्या खोलीची हकिगत एकसष्टाव्या पानावर आहे, वाचून मग ठरव, घाई नाही, असे ते म्हणाले. लोर्नाने पान एकसष्ट वाचले. दोनदा वाचले. मग दोन्ही सुटकेस घेऊन वर गेली.

संध्याकाळी पाऊस लागला. पेनफोल्ड शेकोटीजवळ बसून बटाट्याचे सूप पीत होते. थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजली आणि लोर्नाचा आवाज आला.

“बाबा, बादली कुठं ठेवायची?”

“पान बासष्ट,” पेनफोल्ड म्हणाले. “फोटोसकट आहे.”