वेलीला तहानवण्याचा ठराव

हालअपेष्टा सोसल्याशिवाय कशालाच मोल येत नाही, हे सर्वमान्य आहे. (सोसणारे सोडून.)

आखातातल्या अल् घुब्रा वस्तीतल्या मराठी मंडळींपर्यंत हे तत्त्व बँकेतल्या कौशिक देसायांनी आणलं. देसाई आठवडाभर सिसिलीच्या द्राक्षमळ्यांत जाऊन आले, आणि उतरल्या उतरल्या ‘भूमध्य द्राक्षास्वाद मंडळ’ स्थापन झालं. सभासद अकरा, त्यांत उपाध्यक्ष सात. वाइन गाळणं इथे गुन्हा आहे. वाइनबद्दल बोलणं अजून तरी नाही.

मंडळाला फक्त वेल हवी होती. ती रुसैलच्या कारखान्यात फोरमन असलेल्या भिकाजीच्या गच्चीवर होती. जबल अख्दरच्या डोंगरावरून आणलेली काडी त्यानं पिंपात लावली होती, आणि एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर ती वाढली होती. घरात मूल नव्हतं. बायको मैना वेलीला ‘बाय’ म्हणायची, पानं पुसताना गुणगुणायची:

बाय नाजूक साजूक, उन्हाच्या गं देशा आली,
थेंबाथेंबाच्या पाण्यानं, मीच तिची आई झाली.

यंदा पहिला घड धरला आणि मंडळ पाहणीला आलं.

“भिकाजीराव, लाड करताय हिचे,” देसाई म्हणाले. “तिकडे वेलीला तहानेनं तडफडू देतात. मुळं पाण्यासाठी खोल जातात, तेव्हा कुठे रस उतरतो!”

“तिकडे खाली जमीन असेल हो,” मैना म्हणाली. “हिच्याखाली पिंपाचं बूड आहे.”

मुद्दा तांत्रिक असल्यानं पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. भिकाजीला मात्र तिथल्या तिथे ‘आश्रयदाते’ करण्यात आलं, आणि आश्रयदात्यांनी स्वतःच्या हातानं नळी काढली.

जून होता. वेल तपाला बसली. पानं करपली, तेव्हा मंडळानं अभिनंदनाचा संदेश पाठवला. घड सुरकुतला, तेव्हा ‘साखर उतरू लागली’ अशी नोंद झाली.

“अहो, पेलाभर घालू का? कुणाला कळणार नाही.”

“आणि मंडळाला काय सांगू?” भिकाजी म्हणाला, आणि वेलीकडे पाठ करून आभाळ बघत राहिला.

वेल गेली. शोकसभेत हायपरमार्केटचा द्राक्षरस उंच पेल्यांतून नाकाशी नेण्यात आला. देसायांना त्यात डोंगरउतार जाणवला, एका उपाध्यक्षांना समुद्र.

“आश्रयदाते, तुम्हाला?”

“छान आहे,” भिकाजी म्हणाला. पेला त्याच्या हातात तसाच भरलेला होता. मैना आली नव्हती.

वाचकहो, मंडळाला हसलात, बरं केलंत. आता आठवा: तुमच्या घरातलाही कुणी आखातात आहेच. दोन वर्षांनी तो गावी आला, उन्हानं रापून, निम्मा होऊन. त्याच्याकडे बघत “कष्टानं माणूस घडतो हो” म्हणून त्याच्या बॅगेतले खजूर चाखत “यंदाचे जास्त गोड आहेत” असं कोण म्हणालं होतं?