लोमीची निनांग

नगरपालिकेच्या सभागृहात नवा एसी बसवला होता, म्हणून मी व्याख्यानाला गेले. विषय काय आहे हे दारावर लिहिलं होतं, पण ते वाचायला मी थांबले नाही. (वाचता येतं मला! शाळेचं तोंड फारसं पाहिलं नसलं, तरी वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून जगातले निम्मे विषय मी पुरे केलेत. उरलेले निम्मे पुडी फाटल्यामुळे राहिले.)

आत टाय लावलेला एक पोरगा मनिलाहून आला होता. तो म्हणाला, "छोट्या दुकानदारांनो, जाहिरात करू नका. जुन्या गिऱ्हाइकाला कूपन द्या. त्याने नवा माणूस आणला की त्याला बक्षीस. गिऱ्हाईकच गिऱ्हाईक आणेल!"

मी डोळे मिटून गारवा घेत होते, ती ताडकन सरळ बसले. कारण माझ्या लोमीच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, काचेच्या दाराचं नूडल्सचं दुकान उघडलं होतं आणि माझी बाकं ओस पडली होती. त्यात जागा माझी नाही. ती माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीची, चोलेंगची. तिने मला तोंडावर सांगून टाकलं होतं, "बेबांग, नाताळापर्यंत बाकं भरली तर ठीक. नाहीतर जागा मिल्क टीवाल्याला देणार."

आता, लोमी म्हणजे जाड नूडल्स, दाट रस्सा, वर डुकराची कुरकुरीत चरबी. अख्ख्या बातांगासमध्ये माझ्या हातासारखी कोणाची नाही. हे मी सांगत नाही, सगळे सांगतात. (सगळे सांगेपर्यंत मी त्यांना उठू देत नाही, ती गोष्ट वेगळी.) त्या चुलीपुढे माझे केस पांढरे झाले, आणि तिथे हे लोक गोड दुधात साबुदाण्याच्या गोळ्या विकणार? माझ्या मढ्यावरून!

घरी येऊन मी गुलाबी पुठ्ठ्याची कूपनं कापली.

पहिलं कूपन गेलं सायोंगला. सायोंग शेजारी तांदळाचा केक विकते. तिच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता, म्हणजे निनांग झाले, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या कुमारे. त्या दिवशी ती बिचारी चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांचं सगळं टोळकं घेऊन आली. मी खूश! भर दुकानात ओरडले, "घे सायोंग, माणसं आणल्याबद्दल अर्धी लोमी फुकट!"

सायोंगचं तोंड उतरलं. "हे काय, कुमारे?"

"बक्षीस!"

"म्हणजे अर्ध्या वाडग्यासाठी मी मैत्रिणी विकल्या?"

सगळ्यांचे चमचे हवेत थांबले. त्यातली एक म्हणाली, "तरीच म्हटलं, सायोंग आज एवढा आग्रह का करतेय!"

"अगं, देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं!" सायोंग रडकुंडीला आली. आमच्या गावात माणूस उपाशी राहील, कर्जात बुडेल, पण लाज गेलेली त्याला खपत नाही. हे मला कळू नये? मी काय मनिलाहून आले होते?

त्यानंतर लोक एकमेकांना आणत, पण आणलं नाही असं दाखवत. ट्रायसिकलवाला बेन्होर आणि त्याची बायको वेगवेगळ्या दारांनी आले. (माझ्या दुकानाला दार एकच आहे. बायको खिडकीतून आली.)

मी बेन्होरला विचारलं, "कोणी पाठवलं?"

"कोणी नाही हो. वाट चुकलो."

"मेल्या, तुझं घर मागच्याच गल्लीत आहे!"

"म्हणूनच तर लाज वाटते," तो म्हणाला आणि बायकोकडे पाठ करून जेवला.

मी कूपनं चुलीत घातली. त्यांच्यावर रस्सा मात्र छान उकळला.

अक्कल आली ती रविवारी, चर्चमध्ये. एका बाळाचा बाप्तिस्मा होता. निनांग इतक्या जमल्या होत्या की बाळ दिसेना. सगळ्या नटलेल्या, सगळ्यांच्या माना ताठ. मी विचार केला, यांना कोणी कूपन दिलंय का? उलट पोराचं आयुष्यभराचं ओझं गळ्यात पडणार! तरी निनांग व्हायला कोणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर लेकराला अपशकुन होतो. म्हणजे आमच्या माणसाला फायदा नको, मान हवा!

"सापडलं!" मी ओरडले.

फादर पाण्याचा हात तसाच धरून थांबले. "काय सापडलं, आलिंग बेबांग?" (आलिंग म्हणजे आमच्याकडे बाई.)

"धंदा, फादर!"

सोमवारपासून नवा नियम सुरू झाला. जो नवं गिऱ्हाईक आणेल तो त्या गिऱ्हाइकाचा लोमीतला निनोंग, म्हणजे धर्मपिता. बाई असेल तर निनांग. पहिल्या वाडग्यात निनांगनेच आपल्या हाताने लिंबू पिळायचं, सगळ्या बाकांनी टाळ्या वाजवायच्या आणि दोघांचा फोटो भिंतीवर.

काय सांगू तुम्हाला! दुपारपर्यंत लिंबं संपली. कालपर्यंत ओळख लपवणारी माणसं आता दंडाला धरधरून माणसं आणायला लागली. "हा माझा!" "चल, याला आधी मी बोलावलं!" दातांचा डॉक्टर तर तोंड उघडं असलेल्या पेशंटला विचारायचा, "लोमी खाल्लीय का बेबांगची?" पेशंट 'आ' म्हणाला की तेच उत्तर धरायचा. बेन्होरने बायकोला चारचौघांत दारातून आणलं आणि तिच्या वाडग्यात लिंबू पिळताना तो चक्क रडला. (लिंबू डोळ्यात उडालं होतं, असं तो म्हणतो.) चोलेंग रस्त्यावरून दोनदा गेली आणि दोन्ही वेळा मान वळवून बघून गेली. मी पळीने रस्सा नव्हे, आनंद ढवळत होते!

मग नोव्हेंबर सरला, आणि एक चमत्कार झाला. नव्या माणसाला 'कोणी पाठवलं' विचारलं की तो वाकून म्हणायचा, "तुम्हीच बोलावलंत, आलिंग बेबांग."

"मी? कधी?"

"बाजारात माझ्याकडे बघून हसला होतात."

पुढचा म्हणे, "तुमचं नाव ऐकूनच आलो. म्हणजे तुम्हीच नाही का?" तिसरा पोलीस होता, तो म्हणे, "स्वप्नात आलात."

किती हा आदर! माझी छाती अशी फुगली की ॲप्रनच्या नाड्या पुरेनात. नाही कसं म्हणणार? अपशकुन कोण घेणार? मी एकटीने लिंबं पिळली. इतकी पिळली की हाताला झोपेतही वास यायचा. भिंतीवर जिकडेतिकडे माझाच फोटो. सायोंग नुसती गालात हसायची. मला वाटलं, जळतेय.

नाताळच्या दिवशी सकाळी प्रार्थनेहून येते तर सायोंग कुंपणावरून डोकावली. "कुमारे, अजून लपली नाहीस?"

"कशाला लपू?"

"अगं, आज नाताळ! लेकरं निनांगचा हात कपाळाला लावायला येणार, पोस्त मागणार. मी तर केव्हाच खाटेखाली होते, फक्त तुला सांगायला आले. लोमीची लेकरंही पोस्त मागणार, हे सगळ्यांना कधीच कळलं होतं. म्हणून तर हल्ली कोणी निनांग व्हायला तयार नव्हतं. सगळ्यांनी मिळून तुझ्या गळ्यात घातलं!"

तेवढ्यात कोपऱ्यावरून आवाज आला, "निनांग! नाताळच्या शुभेच्छा, निनांग!" एक आवाज नव्हे. मिरवणूकच!

मी धावत दुकानात शिरले आणि मोठ्या पातेल्यामागे लपले. पातेलं मोठं होतं, पण मी त्याहून मोठी.

"निनांग, पाठ दिसतेय!" पोलीस म्हणाला.

डॉक्टर, ट्रायसिकलवाले, मिशीवाला खाटीक, माझ्याहून वयाने मोठी दोन माणसं. सगळे हात पुढे करून उभे. मी पळी उचलून बाहेर आले आणि गरजले, "पोस्त हवं? लोमी मिळेल! रांग लावा! ढकलाढकली करेल त्याचा लिंबाचा आशीर्वाद परत घेईन!"

बाकं भरली. दार भरलं. रांग चर्चच्या पायरीला टेकली. सायोंग खाटेखालून निघून कांदा चिरायला बसली. आणि गर्दीतून कोपरं मारत चोलेंग आली.

"बेबांग," ती धापा टाकत म्हणाली, "जागा दाखवायला मिल्क टीवाल्याला घेऊन आले होते."

मी पळी उगारली. "कुठाय तो?"

"रांगेत." ती बाकावर बसली. "म्हणतोय, एवढ्या माणसांना इथून हलवायचं तर सैन्य आणावं लागेल. राहा तू. आणि मला चरबी जास्त घाल."

मी तिच्या वाडग्यात अर्धं पातेलं रिकामं केलं. पायात नाच शिरला होता माझ्या! सगळी रांग संपेपर्यंत मी वाढत होते, ओरडत होते, हसत होते. आणि रांगेच्या अगदी शेवटी, टोपी डोळ्यांवर ओढून, माझा नवरा तिबो.

चोलेंग म्हणाली, "अरे, तू रांगेत कशाला? बायको तुला रोज घालत असेल की!"

तिबो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "घरी भात असतो," तो पुटपुटला. "लोमी मी समोर खातो. तिथे गार असतं."

सायोंगची सुरी थांबली. माझं तोंड सवयीने आपोआप बोललं, "मग इथे कोणी पाठवलं?"

"समोरच्या मॅनेजरने. म्हणाला, नाताळला आम्ही बंद असतो, पलीकडे बरी मिळते म्हणतात, एकदा बघा खाऊन."

नियम म्हणजे नियम. निनोंग हजर नव्हता, म्हणून त्याच्या वतीने मीच लिंबू पिळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिबोने एक घास घेतला, दुसरा घेतला, मग वाडगा तोंडालाच लावला आणि मिशी पुसत माझ्याकडे रागाने बघितलं.

"अख्ख्या गावाला बोलावलंस, बेबांग," तो म्हणाला, "मला कधी एका शब्दाने तरी विचारलंस?"