मार्गासनीचे बिनचूक उत्तर

‘जगातले कोणतेही रहस्य आनंदरावांपुढे तीन दिवसांहून अधिक टिकलेले नाही.’

हे वाक्य आनंदरावांनी स्वतः रचले, रंगाऱ्याकडून पाटीवर लिहून घेतले आणि भोरच्या आपल्या घराच्या दारावर लावले. पंधरा दिवसांत पाटी नाहीशी झाली. तपास अकरा महिने चालला. त्यात दोन शेजारी, एक गोसावी आणि एक बैल यांच्यावर संशय घेऊन झाला. शेवटी पाटी सापडली ती त्यांच्याच स्वयंपाकघरात, पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून. त्यांच्या पत्नीने, अंबूबाईंनी, ती तिथे ठेवली होती आणि आनंदराव रोज ती सरकवून पाणी पीत होते. “गुन्हेगार फार जवळ असला की दुर्बीण चालत नाही,” असे म्हणून त्यांनी पाटी पुन्हा दारावर लावली.

सव्वीस वर्षे जकातीच्या नाक्यावर गाड्यांवरची ताडपत्री उचलून पाहिल्यामुळे आपल्याला माणसाच्या आतले दिसते, अशी त्यांची समजूत होती. मी त्यांचा भाचेजावई, बी. ए. झालेला, भोरच्या शाळेत मास्तर. सासरच्या वडीलधाऱ्यांना नाही म्हणता येत नाही, एवढ्याच पात्रतेवर मी त्यांचा सहायक झालो.

सदतीस सालच्या ज्येष्ठात चिमाजीपंतांचा निरोप आला. चिमाजीपंत म्हणजे ‘नीरातरंग’ मासिकाचे संपादक. त्या मासिकात कथा, कविता, अग्रलेख असे सगळे असे आणि ते कोणीही वाचत नसे. लोक थेट शेवटच्या पानावर जात, कारण तिथे शब्दकोडे असे. भोरचे वकील, डॉक्टर आणि आम्ही मास्तर मंडळी पेन्सिली चावत त्या चौकोनांवर महिना काढत होतो. ज्यांना शिक्षण मिळते ते त्याचे पुढे काय करतात, हे पाहायचे असेल तर त्या काळचे भोर पाहायला हवे होते. सलग तीन महिने बिनचूक उत्तर देणाऱ्यास शिवणयंत्र, असे बक्षीस जाहीर होते. ते कधी द्यावे लागेल असे पंतांना वाटले नव्हते.

“आणि ते कोणाला द्यायचे?” आम्ही त्यांच्या घरातल्याच कार्यालयात पोचताच पंत म्हणाले. “मार्गासनीच्या रतनबाईला. चार यत्ता शिकलेली विधवा, भावाच्या घरी राहते. वकिलांना जमले नाही ते हिला जमले? उत्तरे फुटली आहेत, आनंदराव. चोर शोधा, नाहीतर मी थेट फौजदारांकडे कागद देतो.”

“उत्तरे कुठे असतात?”

“लोखंडी पेटीत. किल्ली माझ्या जानव्याला.”

मागच्या परसात कोणीतरी भात कांडत होते. धप्प, धप्प असा आवाज येत होता. आनंदरावांनी कपाळावर बोट ठेवले.

“ते मुसळ आधी थांबवा. माझे विचार दचकतात.”

पंतांनी आत सांगून मुसळ थांबवले. एक बाई दारातून डोकावून आनंदरावांकडे बघून गेली. आनंदरावांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते पेटीचे कुलूप भिंगाखाली धरून हुंगत होते.

घरी आल्यावर त्यांनी तिन्ही महिन्यांची सूत्रे समोर मांडली. पहिले असे: ‘दिवसा खांद्यावर, रात्री पाठीखाली, पावसात डोक्यावर, तरी कुरकुरत नाही. अक्षरे तीन.’

“बंदूक,” आनंदराव म्हणाले. “शिपाई दिवसा ती खांद्यावर वाहतो. रात्री शत्रू पळवील म्हणून पाठीखाली घेऊन निजतो. पावसात ओढा ओलांडताना दारू भिजू नये म्हणून डोक्यावर धरतो.”

“छापलेले उत्तर घोंगडी आहे, मामा.”

“छापणाऱ्याची चूक.”

मला हसण्याचा अधिकार नव्हता. मी ‘पालखी’ लिहून पाठवले होते. पाठीखाली पालखी घेऊन कोण निजतो, हे मी स्वतःला विचारले नव्हते.

दुसरे होते: ‘माहेरी दाटीत वाढते, सासरी चिखलात उभे राहते, तरी भरते सासरीच. अक्षरे दोन.’ आनंदरावांनी ‘गंगा’ असे उत्तर काढून हिमालयापासून बंगालपर्यंत तासभर भूगोल सांगितला. खरे उत्तर होते रोप. भोरला खिडकीतून मान बाहेर काढली तर भाताची खाचरे दिसतात. मान बाहेर काढण्याची आम्हा सुशिक्षितांत पद्धत नव्हती.

तिसरे: ‘फिरून फिरून गावाबाहेर जात नाही, सगळे खाते, पोटात काही राहत नाही.’ इथे आनंदरावांनी दार लावून घेतले आणि हलक्या आवाजात सांगितले, “सत्ता. जावईबापू, हे संस्थानाविरुद्ध कारस्थान आहे.”

उत्तर होते जाते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नसरापूरपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने मार्गासनीला गेलो. वाटेतच किल्ल्याच्या डोंगराखाली काहीतरी लखलखले. आनंदराव गाडीत उभे राहिले. “आरसा! किल्ल्यावरून उत्तरे कळवतात!” गाडी तिकडे वळवली. ती ठकुबाई नावाच्या म्हातारीने घासून वाळत घातलेली घागर निघाली. आनंदरावांनी घागरीच्या आत डोकावून पाहिले. ठकुबाई म्हणाली, “पानी पायजेल तर मागा की, तोंड कशाला घालताय?”

रतनबाई खाचराच्या बांधावर भेटली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत चिखलात.

“घोंगडी हे उत्तर तुला कोणी सांगितले?” आनंदरावांनी विचारले.

“त्यात सांगायचं काय? पावसात डोक्यावर दुसरं काय घेत्यात?”

“बंदूक.”

रतनबाई माझ्याकडे वळली. “मास्तर, ह्यांना बरं न्हाई का?”

“घरात कोण कोण?” आनंदरावांनी वही काढली.

“भाऊ, वैनी, माजी लेक. आई भोरला असती, कामाला.”

आनंदरावांनी लिहिले: ‘आई गैरहजर. प्रकरणाशी संबंध नाही.’

“मशीन कवा देनार?” रतनबाईने विचारले. “वेल्ह्याच्या बाजारात बसून चोळ्या शिवीन म्हनते. भावाच्या घरात ताट पुढं आलं की वैनी ताटाकडं न्हाई, माज्या तोंडाकडं बघती. चार वरसं झाली.”

हे ती रडून बोलली नाही. हातातली रोपांची जुडी बांधता बांधता बोलली. आनंदरावांनी तेही टिपून घेतले आणि खाली रेघ मारली: ‘हेतू सिद्ध.’

परतीच्या वाटेवर त्यांचा सिद्धांत पूर्ण झाला. रतनबाई ही नुसती बाहुली. मागे कोणीतरी पदवीधर सूत्रधार असला पाहिजे, भोरचा, कोडी सोडवणारा, शक्यतो मास्तर.

“जावईबापू,” ते सहज म्हणाले, “गेल्या महिन्यातल्या सोमवारी आपण कुठे होता?”

“आपल्याच घरी, मामा. आपली पाटी पुन्हा ठोकत होतो.”

“तसे सांगाल हे मला माहीत होते.”

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, पंतांच्या कार्यालयात परीक्षा ठरली. पुढच्या महिन्याचे सूत्र, जे पंतांखेरीज कोणी पाहिलेले नाही, ते रतनबाईसमोर वाचायचे. उत्तर आले तर यंत्र तिचे. नाही आले तर कागद फौजदारांकडे. रतनबाई दाराशी उभी राहिली. तिने धुतलेले लुगडे नेसले होते आणि ओठ घट्ट मिटले होते. मागच्या पडवीत पाखडण्याचा आवाज चालला होता. मुसळ बंद ठेवायला सांगितले होते, सुपाचे कोणाला सुचले नव्हते.

पंतांनी जानवे ओढून किल्ली काढली, पेटी उघडली, कागद उलगडला आणि मोठ्याने वाचले, “अंगात दुसऱ्याचा सदरा, डोक्यात पेंढा...” मग ते चष्मा पुसायला थांबले.

“दिवसरात पहारा, आन् धरलं कुनालाच न्हाई,” पडवीतून आवाज आला. “बुजगावनं.”

सुपाने पाखडणारी बाई मान वर न करता बोलली होती. मी आनंदरावांकडे पाहणार नाही असे ठरवले, पण ते जमले नाही.

“आये,” रतनबाई चिडून म्हणाली, “मला इचारलं व्हतं गं.”

“मंग लवकर बोलायचं. लहानपनापास्नं आयकतीयास.”

“ही तुझी आई?” आनंदराव म्हणाले.

“व्हय, म्या धोंडाबाई. पाच वरसं हितं कांडतीया.”

“मग हे आधी का नाही सांगितले?”

“इचारलं कुनी? तुमी तर मुसळ बंद करा म्हनला.” तिने सुपातला खडा वेचून टाकला. “कांडताना आमी उमानी घालतो काकूंना, तुमी कोडी म्हंता ती. हात चालतो त्यानं. म्या घालायची, काकूंनी वळखायची. ह्यी सदऱ्याची परवाच घातली.”

पंतांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत, माजघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. “म्हणून तुम्ही वही घेऊन खिडकीत बसता होय? मला वाटायचं, जप लिहिता.”

आनंदराव उठले आणि कोटाची बटणे लावली. “माझा अंदाज खरा ठरला. चोरी झालेली आहे. उत्तरे या बाईकडून फुटली.”

“पण मामा, कोडीच तिची आहेत.”

“म्हणून तर तिला उत्तरे माहीत होती.”

पंतांना आता वाट सापडली. “नियम नववा,” ते म्हणाले. “कार्यालयातील नोकरांच्या नातलगांना स्पर्धेत भाग घेता येत नाही. यंत्र देता येणार नाही.”

रतनबाईचा चेहरा उतरला. पण ती पडवीकडे न बघता पंतांकडेच बघत राहिली. “बरं. आई तुमच्या कार्यालयात नोकर हाय म्हंता. मंग तसं छापा की. कोडी करनार, धोंडाबाई. म्या मशीन मागत न्हाई.”

पंतांनी चष्मा पुन्हा पुसला. तो स्वच्छच होता.

“यंत्र द्या तिला,” काकू म्हणाल्या. “नाहीतर उद्यापासून उखळापाशी तुम्ही बसा.”

यंत्र माजघरात होते. गेले तीन महिने काकू ते नीट चालते का पाहत होत्या, असे त्यांनी सांगितले. सुईखाली उशीचा अर्धा अभ्रा होता. रतनबाईने खाली बसून तो सरळ टाके घालत पुरा केला, दातांनी दोरा तोडला आणि काकूंच्या हातात दिला. संध्याकाळी भावाच्या बैलगाडीतून यंत्र मार्गासनीला गेले. वर घोंगडी घातली होती, कारण आभाळ आले होते.

आनंदरावांनी प्रकरणाचा अहवाल लिहून ‘नीरातरंग’कडे पाठवला. त्यात प्रकरण तीन दिवसांत सुटल्याचे म्हटले होते, आणि ते खरे होते.

आषाढाच्या अंकात अहवाल आला, अग्रलेख आला, दोन कविता आल्या. बुजगावण्याचे कोडे फुटलेच होते, आणि नवे शब्दकोडे नव्हते. धोंडाबाई भातलावणीला गेल्या होत्या.