एकशे वीस ग्रॅमची भीती

रशीदचाचांच्या अंगणात दर रविवारी सकाळी खडूची एक रेघ ओढली जाते. रेघेच्या पलीकडे शेगडी, अलीकडे आम्ही. अंतर सात फूट. मी टेपने मोजलं आहे. शेगडीच्या उजवीकडे वाळूची बादली, डावीकडे पाण्याची आणि चाचांच्या गळ्यात शिट्टी. एवढी तयारी कशासाठी, तर चार बर्गरसाठी.

चाचा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. पस्तीस वर्षं प्रेशरचा काटा बघण्यात गेली, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू फुटणार आहे असं ते धरूनच चालतात. घरात कुकर लावला की ते बाहेर येऊन उभे राहतात. सायकलमध्ये हवा भरताना तोंड फिरवतात. मी त्याच कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर आहे आणि बेलापुरात आमची घरं शेजारीशेजारी आहेत.

एका रविवारी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "कुलकर्नी, तुमचा तो छोटा काटा घेऊन या."

"चाचा, मी मटण खात नाही."

"म्हून तर! खानारा मानूस वजनात लबाडी करतो. तुमी खात न्हाई, तुमच्या मापावर माझा भरवसा हाय."

तेव्हापासून मी नाकाला रुमाल लावून खिम्याचे आकडे लिहू लागलो. कच्ची टिक्की एकशे वीस ग्रॅम. भाजून उतरली की पुन्हा काट्यावर. पहिल्या दिवशी ती चौऱ्याऐंशी भरली. छत्तीस ग्रॅम निखाऱ्यांनी खाल्ले होते. चाचांचा चेहरा उतरला. "कोरडी. ही घशात बसनार."

ही भीती उगीच नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची नऊ वर्षांची नात झोया पुण्याहून आली होती. तिने कौतुकाने गाडीवरून बर्गर आणला आणि दादीला, म्हणजे चाचींना, स्वतःच्या हाताने भरवला. कोरडा घास चाचींच्या घशात अडकला. चेहरा निळा पडला. चाचांनी पाठीत गुद्दे घालून तो कसाबसा बाहेर काढला. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे, फक्त सावकाश खा. चाची ते विसरूनही गेल्या. चाचा नाही.

"मग खिचडी करा की," मी एकदा म्हणालो. "बर्गरचाच हट्ट कशाला?"

चाचांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला. "तवापासून पोरगी इथं आली की दादीसमोर जेवत न्हाई, कुलकर्नी. ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. दादीला ठसका लागला की कान झाकते. तिला खिचडीची भीती न्हाई. बर्गरची हाय."

त्या दिवसापासून मी रुमाल न लावता आकडे लिहायला लागलो.

चाचांचे नियम कडक. खिमा गार हवा, थोडी चरबी हवी, हात ओला करून हलकाच गोळा वळायचा, मधे अंगठ्याने खळगा. उलटायची एकदाच. चारातली एक कापून आत लाली नाही ना हे बघायचं. कच्चा कांदा बंद. त्याऐवजी तुपात गुळाचा खडा टाकून मऊ केलेला कांदा, भाजून सोललेला टोमॅटो, पुदिन्याचं दही. आणि उलथन्याने टिक्की दाबायला गेलात तर शिट्टी. "दाबू नका! आत वाफ हाय! दाबलं की पानी गेलं!" शिट्टी एकदा वारा सुटला म्हणून वाजली आणि एकदा मांजराने रेघ ओलांडली म्हणून.

चाची खुर्चीवरून म्हणायच्या, "हे बॉयलर बंद करा आता. मला मरायचंच असतं तर तुमची पहिली टिक्की बास होती."

नवव्या रविवारी झोया उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आलेली होती. त्या दिवशी चाचांनी कच्ची टिक्की तीनदा तोलायला लावली. भाजून वजन भरलं अठ्ठ्याण्णव. याहून चांगला आकडा आमच्या वहीत नाही.

चाचींनी बर्गर हातात घेतला. दारातल्या पडद्याआड झोया उभी होती. दोन्ही कानांत बोटं. चाचींनी घास घेतला. मी चावणं मोजलं: बावीस. गिळला. दुसरा घास घेतला आणि त्या खोकल्या.

माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. चाचांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण फुंकायला त्यांच्यात दम नव्हता. पडद्यामागून बारीकसा आवाज आला, "दादी..."

"मेला तुमचा धूर!" चाची डोळे पुसत चाचांवर खेकसल्या. "सगळा माझ्या नाकात." आणि त्यांनी तिसरा घास आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा घेतला. "कांदा मात्र झकास झालाय. झोया, ये गं. अर्धा तुझा. लवकर ये, न्हाईतर मी संपवते."

पडदा बराच वेळ हलला नाही. मग पोरगी बाहेर आली. आधी तिने दादीपुढे पाण्याचा पेला धरला. दादी प्यायली, तेव्हा कान झाकले नाहीत. मग खुर्चीच्या हातावर टेकली आणि दादीच्या हातातल्या बर्गरचा एक बारीकसा तुकडा तोडून तोंडात टाकला.

मी चाचांकडे वळलो. ते आमच्याकडे पाठ करून शेगडीपाशी उभे होते. जाळीवर एक टिक्की उरली होती. चाचांनी तिच्यावर उलथनं ठेवलं आणि दाबलं. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून दाबलं. रस निखाऱ्यांवर चर्र करून पडला, जाळ उठला आणि धुरात त्यांचा चेहरा दिसेनासा झाला.

त्या टिक्कीचं वजन मी केलं नाही.